गुरुवारची मराठी

शामराव बनसोड्यांना जयपुरात बोलायला माणसं नव्हती असं कुणी म्हटलं, तर ते खोटं ठरेल. दूधवाला होता, इस्त्रीवाला होता, शेजारचे गुप्ताजी होते, आणि प्रतापनगरच्या हाउसिंग बोर्डाच्या बागेत रोज सकाळी गुडघेदुखीवर परिसंवाद भरवणारं म्हाताऱ्यांचं टोळकं होतं. बोलणं उदंड होतं. फक्त ते सगळं हिंदीत होतं. हिंदीत शामराव भाव करायचे, रेल्वेत असताना साहेबाशी भांडायचे, बसच्या कंडक्टरला वठणीवर आणायचे. पण मनातलं काही सांगायची वेळ आली की हीच हिंदी त्यांच्या तोंडात परक्या घरच्या पाहुण्यासारखी अवघडून बसायची. मग ते म्हणायचे, "बस, ठीक है," आणि विषय संपायचा.

मूळचे कुर्डुवाडीचे. वडील तिथल्या छोट्या रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे साधे मदतनीस होते. शामराव पश्चिम रेल्वेत लागले आणि बदल्यांच्या फेऱ्यात जयपूरच्या लोको शेडमध्ये बॉयलरवर येऊन पडले. वाळवंटातल्या उन्हात बॉयलरपुढे उभं राहायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात, असं ते सुरुवातीला म्हणायचे. पण सवय झाली, आणि वाफेची इंजिनं मोडीत निघाली तेव्हा सगळ्या शेडमध्ये डोळ्यांत पाणी आलेले ते एकटेच होते. पुढे डिझेलवर गेले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले.

त्या काळी रेल्वे कॉलनीत बरीच मराठी घरं होती. कुणी भुसावळचे, कुणी दौंडचे. चौदा एप्रिलला सगळे एकत्र जमायचे, सुलोचनाबाई मोठ्या पातेल्यात खीर करायच्या आणि दिवसभर कॉलनीत आपल्या बोलीचा नुसता बाजार भरायचा. मग रेल्वेचे झोन बदलले. जयपूर पश्चिम रेल्वेतून निघून नव्या झोनमध्ये गेलं आणि ज्यांना महाराष्ट्राकडे परतायचं त्यांनी अर्ज करावेत असा हुकूम आला. एकेक घर सामान बांधून निघालं. शामरावांनी अर्ज केला नाही. नोकरी थोडीच उरली होती, प्रतापनगरात घर घेतलं होतं, मुलगा प्रबुद्ध इथेच वाढला होता. "जाऊ द्या की सगळ्यांना," सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या, "आपण दोघं हाय न्हवं बोलायला!"

शामराव निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात सुलोचनाबाई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. दोन माणसांना पुरेल एवढी मराठी त्या घरात होती. पण यात निम्मी वाटणी नसते. एक माणूस गेलं की दुसऱ्याच्या हाती काहीच राहत नाही, कारण जो एकटाच बोलतो त्याला लोक वेडा म्हणतात.

प्रबुद्ध गुरगावला नोकरीला होता. पोरगा गुणी, दर रविवारी न चुकता फोन करायचा. "पप्पा, खाना खाया? दवाई ली?" शामराव मराठीत उत्तर द्यायचे आणि तो हिंदीत पुढचा प्रश्न विचारायचा, असं दोन रुळांवरून दोन गाड्या समांतर जाव्यात तसं ते संभाषण चालायचं. सी-स्कीम भागातल्या एका हॉलमध्ये मराठी लोकांचा गणपती बसतो असं कळलं तेव्हा शामराव एकदा इस्त्रीचा शर्ट घालून तिथेही जाऊन आले. एका सद्गृहस्थांनी प्रेमाने गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव कळल्यावर प्रेम तसंच राहिलं पण खुर्ची जरा मागे सरकली. शामरावांनी प्रसाद घेतला, आभार मानले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. अशा ठिकाणी भांडण तरी कशाशी करायचं!

तर अशा दिवसांत त्यांना गुरुवार मिळाला.

सीतापुऱ्यातल्या एका खासगी विद्यापीठाने तेव्हा एक उपक्रम काढला होता. आसपासच्या छोट्या कारखान्यांत जायचं, दिवसभर बॉयलर, मोटारी, कंप्रेसर, दिवे सगळं तपासायचं आणि वीज कुठे वाया जाते, इंधन कुठे उधळलं जातं ते मालकाला अहवाल करून द्यायचं. तेही फुकट. मोठ्या गिरण्या दाम मोजून सल्लागार आणतात. छोट्याला कोण विचारतो? पोरांना शिकायला मिळेल आणि मालकाचं इंधन वाचेल, असा दुहेरी विचार होता. विचार उत्तमच होता. प्रत्यक्षात मालकांना वाटायचं, ही मंडळी वीजचोरी पकडायला आलीत, आणि पोरांना वाटायचं, सहल आहे.

उपक्रमाचे प्रमुख प्रोफेसर नीरज माथुर. तरुण, सडपातळ, जरा तापट. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतले नव्हते. बॉयलर असेल तर स्वतः भट्टीच्या तोंडाशी वाकून बघायचे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाफ पाहिली होती ती घरच्या कुकरची. तेव्हा बॉयलरजवळ पोरांना भाजू न देणारा एखादा अनुभवी माणूस त्यांना हवा होता. रेल्वेतल्या ओळखीतून शामरावांचं नाव गेलं. दर गुरुवारी विद्यापीठाची टाटा सुमो प्रतापनगरच्या कोपऱ्यावर थांबायची आणि शामराव डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी घालून मागच्या सीटवर बसायचे.

पहिल्या काही गुरुवारांत विशेष काही घडलं नाही. मग एकदा सीतापुऱ्यातल्याच एका गालिच्यांच्या कारखान्यात, चौथ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचा हात गरम पाइपला लागला आणि ती ओरडली, "आई गं!"

शामरावांच्या हातातली बॅटरी खाली पडता पडता राहिली. हिंदी पोरं "मम्मी" म्हणतात, "हाय राम" म्हणतात, "उई माँ" म्हणतात. "आई गं" जगात एकाच भाषेत म्हणतात. ते जवळजवळ धावतच गेले.

"भाजलं व्हय गं पोरी? दाव बघू हात."

पोरगी आधी दचकली, मग हसली. "काका, तुम्ही मराठी?"

तिचं नाव सलोनी. वडील नंदकिशोर बँकेत अधिकारी, आई अलका. घराणं सांगलीचं, पण पोरगी लखनौ, भोपाळ, जयपूर अशी बदल्यांच्या गावांत वाढलेली. तिची मराठी म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर. कुणाचं बोट धरून कुठल्या कुठे जाईल याचा नेम नाही. "मला भूक लागला," म्हणायची. "मी तिथे गेली होती ना, तर मशीन बंद होता." शामराव पोट धरून हसायचे. त्यांची स्वतःची मराठी सोलापूरकडची, हेल काढून बोलायची; त्यातले निम्मे शब्द तिला कळायचे नाहीत. मग ती भुवया उंचावून विचारायची, "मतलब?"

"अगं, दर शब्दाला मतलब इचारतीस. तुझं नावच मतलबी ठिवतो आता," शामराव म्हणायचे.

चेष्टाच होती ती. पण चेष्टा करणाऱ्याला ती हलकी वाटते, ऐकणाऱ्याला किती जड जाते ते त्याला कुठे कळतं! सलोनी हसायची आणि थोडी लाल व्हायची. पुढे पुढे तिचं "मतलब" कमी होत गेलं. पोरीची मराठी सुधारली, असा शामरावांनी त्याचा अर्थ लावला आणि ते मनातून फार सुखावले.

आता त्यांचा आठवडा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत मोजला जाऊ लागला. शुक्रवारी ते आदल्या दिवशीचं बोलणं आठवत बसायचे. सोमवारपासून पुढच्या खेपेला तिला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव व्हायची. कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीचं इंजिन चढावर दम खायचं आणि पोरं उतरून बोरं वेचून पुन्हा डब्यात चढायची, ते सांगायचं. सुलोचनाबाई पहिल्यांदा जयपूरला आल्या तेव्हा उंटाला बघून रिक्षात लपल्या होत्या, ते सांगायचं. बुधवारी संध्याकाळी ते शेंगदाणे भाजून, लसूण घालून खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायचे आणि डब्यात भरून ठेवायचे. बायको गेल्यापासून त्यांनी स्वतःसाठी कधी चटणी कुटली नव्हती.

हे सगळं ते कुणाला सांगत नव्हते. सांगणार तरी कुणाला, आणि कुठल्या भाषेत?

फेब्रुवारीत एका गुरुवारी सुमो आग्रा रोडला लागली. बस्सीच्या अलीकडे रामकरण छीपा नावाच्या गृहस्थांचा कापड रंगवून सुकवायचा कारखाना होता. बॉयलर लहानसा, मोहरीच्या भुसकटावर चालणारा. तिकडे त्या भुसकटाला तूड़ी म्हणतात. वाफ जायची ती कापड सुकवायच्या मोठ्या पोकळ रुळांत. रूळ तापवून झाले की वाफेचं पाणी व्हायचं, आणि ते कढत पाणी एका पाइपातून थेट गटारात. हेच पाणी परत बॉयलरला पाजलं तर भुसकट किती वाचेल, हा त्या दिवसाचा मुख्य मुद्दा होता.

माथुर सरांनी आकडे मांडून दाखवले. रामकरणजींनी ते न बघताच कागद परत केला.

"प्रोफेसर साहब, कागज़ पर तो मैं भी राजा हूँ. आँख से दिखाओ, तो मानूँ."

तेव्हा असं ठरलं की पाइपाच्या तोंडाशी डबे लावायचे. आलटून पालटून, मध्ये ठरावीक वेळ सोडून, पाणी जमा करायचं आणि मालक बँकेच्या कामाहून परतले की त्यांच्यासमोर वजन करायचं. कारखान्यात तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे पडले होतेच. ते धुतले. शामरावांनी सलोनीला बरोबर घेतलं आणि दोघं सकाळपासून त्या कामाला लागले. एकेक डबा भरला की कामगार तो उचलून बाजूच्या लांब टेबलावर ठेवायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागू नये. काम कंटाळवाणं, पण शामरावांच्या आयुष्यातला तो फार सुखाचा दिवस होता. पाण्याची धार पडत होती आणि ते बोलत होते. ती "हो का?" म्हणत होती, "बापरे" म्हणत होती, आणि दिवसभरात एकदाही तिने मतलब विचारला नाही.

दुपारनंतर मालकाची गाडी फाटकातून आत आली. आता वजनकाटा आणायला हवा. काटा टेबलावर ठेवला तर सुई मालकाच्या डोळ्यांसमोर येईल, म्हणून टेबल मोकळं हवं होतं. कोठीकडे जाता जाता शामरावांनी मशीनच्या आवाजावरून ओरडून सांगितलं,

"सलोनी, ते समदे डबे खाली ठेव गं! मी काटा घिऊन आलोच!"

"हो काका!" तिने ओरडून उत्तर दिलं.

काटा घेऊन ते परतले तेव्हा टेबलावर सगळे डबे ओळीने पालथे घातलेले होते. पत्र्यावरून शेवटचे थेंब निथळत होते. गटारातून वाफ येत होती. आणि सलोनी ओल्या हातांनी उभी होती, वर्गात पहिल्यांदा सगळी उत्तरं बरोबर आल्यासारखी.

"काका, झालं. सगळे खाली."

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होऊच शकली नसती. निव्वळ हिंदी पोराला ते वाक्य कळलंच नसतं, त्याने विचारलं असतं. निव्वळ मराठी पोरीने डबे उचलून जमिनीवर ठेवले असते. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मराठी घरात जन्मून हिंदीत वाढलेल्या पोरीनेच ते डबे रिकामे करावेत, तेही कुणाला न विचारता, कारण विचारलं की मतलबी म्हणतात.

तेवढ्यात रामकरणजी आले. त्यांनी पालथे डबे पाहिले, काटा पाहिला, सगळ्यांचे चेहरे पाहिले.

"तो ये है मेरा पानी?" ते म्हणाले. "वाह. बहुत बचत हुई."

कामगार हसले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी त्या टोळीची गत झाली. पुन्हा डबे भरायला दिवस उरला नव्हता, आणि मालकाने दिलेला दिवस एकच होता. माथुर सरांचा पारा चढला. "सलोनी, दिमाग़ कहाँ था तुम्हारा? सुबह से किसलिए भर रहे थे?" पोरगी पांढरीफटक पडली. "सर, काका ने बोला था खाली रखो..." एवढंच म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

"उसकी ग़लती नहीं है," शामराव पुढे होऊन म्हणाले. "मैंने मराठी में बोला. मराठी में खाली मतलब नीचे."

सरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. माणूस वाईट नव्हता, राग गिळून शांतपणे म्हणाला, "बनसोडेजी, बॉयलर के पास ऐसी ग़लती होती तो? आगे से काम हिंदी में होगा." यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. बॉयलरवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला ते सगळ्यांत आधी पटतं. पटलं, म्हणून तर जास्त लागलं.

परतताना सलोनी सुमोत पुढे बसली. चटणीचा डबा शामरावांच्या पिशवीत तसाच राहिला.

पुढच्या गुरुवारी सीतापुऱ्यात एका पत्र्याच्या कारखान्यात काम होतं. सलोनीने सकाळीच येऊन हात जोडले. "नमस्ते सर." काका नाही, सर. दिवसभर ती अदबीने वागली, हिंदीतच बोलली, सांगितलेलं दोनदा विचारून घेतलं. जेवताना शामरावांनी चटणी पुढे केली. तिने घेतली. "थैंक यू सर." पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं, असं शामरावांना वाटलं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ही तर घाबरली होती.

त्या आठवड्यात त्यांना घर खायला उठलं. पूर्वीही ते एकटे होते, पण तेव्हा एकटेपण सरावाचं झालं होतं, दुखऱ्या गुडघ्यासारखं. आता तसं राहिलं नव्हतं. चार-सहा महिने ताटात गोड पडलं होतं आणि कुणी ते मध्येच उचलून नेलं होतं. सोमवारी सवयीने ते काहीतरी आठवून हसले आणि मग लक्षात आलं, हे सांगायचं कुणाला?

शेवटी त्यांनीच उपाय काढला. डबे भरले गेले, वजन झालं, मालकाने मान डोलावली, आणि हे सगळं सलोनीच्या हातून झालं, तर पोरीच्या मनातली भीती जाईल. भीती गेली की मराठी परत येईल. निदान जेवणाच्या सुट्टीत, मशीनपासून लांब, तिथे कुणाला काय अडचण? एवढ्या साध्या हिशेबावर तो माणूस ट्रान्सपोर्ट नगरहून दौशाकडे जाणाऱ्या रोडवेजच्या बसमध्ये चढला आणि बस्सीच्या अलीकडे उतरून रामकरणजींच्या कारखान्यात आणखी एक दिवस मागायला एकटाच जाऊन उभा राहिला.

रामकरणजींनी बराच वेळ बसवून ठेवलं. मग चहा मागवला. "आपको इसमें क्या मिलेगा?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं खरं उत्तर शामरावांना ठाऊक होतं, पण ते त्यांना हिंदीत देता येत नव्हतं. "बच्ची का नाम ख़राब हुआ है," ते म्हणाले. "उसके हाथ से ठीक करवाना है."

रामकरणजींना स्वतःच्या तीन मुली होत्या. त्यांनी बशीतला चहा संपवला. "ले आओ बच्ची को. पर ये मराठी वाला तमाशा दोबारा नहीं."

"नहीं होगा," शामरावांनी कबूल केलं.

आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. पुढच्या गुरुवारी त्यांनी दिवसभर एक शब्द मराठी काढला नाही. "बेटा, डिब्बा लगाओ. बेटा, हाथ संभालके. अब डिब्बे नीचे रखो, नीचे, ज़मीन पर." सलोनी चटचट कामं करत होती. एकदाही अडखळली नाही. उलट तिनेच एका कामगाराला झाकण धरायला सांगितलं, दुसऱ्याला हसवलं. मोकळी, चुणचुणीत पोरगी. अशी ती आहे हे शामरावांनी तोवर पाहिलंच नव्हतं.

वजन झालं तेव्हा रामकरणजी काट्यापाशी उभे होते. त्यांनी शेवटच्या डब्यात बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम है!"

"जी. आपकी तूड़ी से गरम हुआ है," सलोनी म्हणाली. "और रोज़ नाली में जाता है."

मालकांनी बोट पुसलं. मग त्यांनी तिथूनच फिटरला हाक मारली आणि बॉयलरच्या टाकीपर्यंत पाइप टाकायला किती लांबी लागेल ते मोजायला लावलं. माथुर सरांनी सगळ्यांदेखत सलोनीची पाठ थोपटली आणि शामरावांचा हात हातात घेऊन दाबला. त्या उपक्रमात मालकाने त्याच दिवशी, त्याच जागी काम सुरू करायला सांगितल्याचं ते पहिलंच उदाहरण होतं. शामरावांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, झालं आपलं काम.

परतताना सलोनी आपण होऊन मागच्या सीटवर, त्यांच्या शेजारी येऊन बसली. शामरावांनी सरकून तिला जागा करून दिली. त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. 'बघ पोरी, झालं का न्हाई तुझ्या हातनं? उगं भ्यालीस.' ते जिभेवर आलंही होतं. पण आधी तीच बोलली.

"सर, एक बात बोलूँ? आप बुरा तो नहीं मानेंगे?"

"बोलो न बेटा."

"आज इतना अच्छा लगा ना... कितना ईज़ी था सब." ती खिडकीबाहेर बघत हसली. "मराठी में मुझे बहुत डर लगता था, सर. हर बुधवार को मम्मी से पूछ-पूछ के सेंटेंस याद करती थी कि कल ये बोलूँगी, वो बोलूँगी. आधी बातें तो समझ में ही नहीं आती थीं आपकी. बस 'हो का', 'बापरे' करती रहती थी."

शामरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"पर आप इतने ख़ुश हो जाते थे," ती म्हणाली. "तो मैंने सोचा, करती रहूँ."

पोरीच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. मनावरचं ओझं उतरल्यावर माणूस बोलतं तसं ती बोलली होती. पण शामरावांना कुणीतरी कानशिलात दिल्यासारखं झालं. ज्या गुरुवारावर त्यांनी हिवाळा काढला, तो तिच्यासाठी तोंडी परीक्षेचा दिवस होता. इंजिन चढावर दम खायचं ते तिला कळलं नव्हतं. सुलोचनाबाई रिक्षात लपल्या त्यावर ती हसली होती, पण कुठे हसायचं ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. इतके महिने ते एकटेच बोलत होते आणि एक चांगली पोरगी त्यांना वेडं दिसू देत नव्हती. तिने दयाच केली होती, आणि दया परत करता येत नाही.

"अच्छा किया, बता दिया," ते म्हणाले. आवाज नीट लागला याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "अब हिंदी में ही बात करेंगे. मुझे भी आसान है."

"सच्ची, सर?"

"सच्ची."

ती खूश झाली. मग पुढच्या महिन्यातल्या परीक्षेबद्दल, मैत्रिणींबद्दल, नोकरीच्या मुलाखतींबद्दल तिने भरभरून सांगितलं. शामराव मान डोलावत होते. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आता "अच्छा", "अरे वाह" करायची पाळी त्यांची आहे.

शहर लागलं. टोंक रोडच्या वळणावर त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. "यहीं उतार दो, थोड़ा काम है." काम काही नव्हतं. सीटवर बसवत नव्हतं इतकंच. सुमो निघाली तेव्हा सलोनीने काचेतून हात हलवला आणि त्यांनीही हलवला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते टोपी हातात घेऊन तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहिले. संध्याकाळची गर्दी होती. बाजूने स्कूटर जात होत्या, बसचे पोरगे "सांगानेर, सांगानेर" ओरडत होते. एक रिक्षा त्यांच्यापाशी येऊन थांबली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

"कहाँ जाना है, बाबूजी?"

"घर," शामराव म्हणाले.

"वो तो ठीक है, बाबूजी. पर कहाँ?"